पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेत? व्हायरस नेमका कधी चालतो, यावर थोडं सविस्तर

कृष्णाकाठ

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या दुकानात रोज हीच तक्रार येते. "काका, पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर गेले, नुसते शॉर्टकट दिसतायत." मी कराडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ही पोरं दाखले, मार्कशीट, फोटो पेन ड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथल्या पीसीला दिवसभरात निम्म्या गावाचे पेन ड्राइव्ह लागून गेलेले असतात. त्या एका पीसीला लागण झाली की संध्याकाळपर्यंत ती घरोघरी पोचते. तोंडी किती जणांना सांगणार, म्हणून इथे लिहितोय.

आधी हा प्रकार जवळून बघू. समजा तुमचा 'दाखले' नावाचा फोल्डर होता. व्हायरसने तो पुसलेला नाही. त्याला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही गुणधर्म लावून नजरेआड केलाय, आणि त्याच नावाची, फोल्डरचंच पिवळं चित्र असलेली एक शॉर्टकट फाईल समोर ठेवलीय. डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसतो, तेवढाच फरक. त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'टार्गेट'ची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. इथे लांबलचक आज्ञा असते: आधी डब्ल्यूस्क्रिप्टमार्फत (विंडोजमधला स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) अमुक व्हीबीएस फाईल, म्हणजे व्हायरसची स्क्रिप्ट, चालव, मग खरा फोल्डर उघडून दाखव. यातला दुसरा भाग फार धूर्त आहे. डबल क्लिक केल्यावर तुमचे दाखले समोर येतातच, त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाही येत नाही. तोवर ती स्क्रिप्ट पीसीत जाऊन बसलेली असते आणि पुढच्या पेन ड्राइव्हची वाट बघत असते.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. फाईल पेन ड्राइव्हवर पडून असणं वेगळं आणि ती चालणं वेगळं. पडून असलेली फाईल काही करू शकत नाही. पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे आतला प्रोग्रॅम आपोआप चालायचा आणि तेव्हा नुसतं लावणंही धोक्याचं होतं. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद केली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट दिलं. तेव्हापासून असल्या व्हायरसला तुमच्या डबल क्लिकची गरज पडते, आणि लिहिणाऱ्यांची सगळी हुशारी तो मिळवण्यात खर्च होते. म्हणून फोल्डरचं चित्र, म्हणून 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असली दुहेरी नावं, दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात प्रोग्रॅम.

ही युक्ती जुनी आहे. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' याच जोरावर जगभर पसरला. ईमेलसोबत आलेल्या फाईलचं खरं नाव 'टीएक्सटी.व्हीबीएस' असं संपत होतं. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटी, लपवतं, त्यामुळे लोकांना 'टीएक्सटी' एवढंच दिसलं आणि साधं पत्र समजून त्यांनी ते उघडलं. एवढी वर्षं झाली, तरी आजही नव्या लॅपटॉपवर एक्स्टेन्शन लपवलेलंच येतं. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मशीनवर मी आधी फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करतो. फुकटात होणारं याच्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही.

आता साफ कसं करायचं. आधी मशीन, मग पेन ड्राइव्ह. नव्वद टक्के लोक उलटं करतात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात, त्याच बाधित पीसीला परत लावतात आणि दोन मिनिटांत शॉर्टकट पुन्हा हजर. टास्क मॅनेजर उघडा, 'डब्ल्यूस्क्रिप्ट' चालू दिसलं तर ते बंद करा. तिथल्याच 'स्टार्टअप' टॅबमध्ये अनोळखी नावाची स्क्रिप्ट असेल तर डिसेबल करा. मग अँटीव्हायरस अपडेट करून पूर्ण स्कॅन चालवा, झटपट स्कॅन नको. व्हायरसची फाईल बहुधा ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडते. एवढं झाल्यावरच पेन ड्राइव्ह लावायचा, शॉर्टकटवर क्लिक न करता खरे फोल्डर बाहेर काढायचे, ते पीसीवर घ्यायचे आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायचा.

सुप्रिया_डोंबिवली

खूप उपयोगी धागा, वाचनखूण साठवली आहे. एक अडचण. मुलीचा प्रोजेक्ट असाच अडकलाय. 'हिडन आयटम्स'वर टिक केली तरी फोल्डर दिसत नाही. पेन ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र जागा भरलेली दिसते. डेटा आहे ना नक्की?

कृष्णाकाठ

सुप्रियाताई, जागा भरलेली दिसतेय म्हणजे डेटा आत आहे, काळजी करू नका. नुसतं 'हिडन' असतं तर दिसला असता. 'सिस्टिम' हा गुणधर्मही लावलाय म्हणून अजून एक पडदा काढावा लागेल. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू' टॅबवर खाली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' अशी ओळ आहे, तिथली टिक काढा. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. फिकट रंगात फोल्डर दिसतील. काही प्रकारांत सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तेव्हा नाव रिकामं दिसलं तर घाबरू नका, तो उघडून बघा. काम झाल्यावर ती टिक परत लावून टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी विंडोजची कामाची फाईल कचरा समजून उडवेल.

सुप्रिया_डोंबिवली

मिळालं सगळं! बिननावाच्या फोल्डरमध्येच होतं. मनापासून धन्यवाद.

बिटवाचक

लेख चांगला आहे, पण 'डबल क्लिकशिवाय काही होत नाही' असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितोय. मी नेटवर्क सिक्युरिटीत काम करतो. जानेवारी २००३ मधला एसक्यूएल स्लॅमर हा व्हायरस अवघा ३७६ बाइटचा होता. त्याला ना फाईल लागली, ना क्लिक. डेटाबेस सर्व्हरमधल्या एका चुकीतून तो थेट मेमरीत शिरला आणि काही मिनिटांत जगभर पसरला. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट तर पेन ड्राइव्हवरचाच. विंडोज शॉर्टकटचं चित्र दाखवतानाच त्याचा कोड चालायचा, म्हणजे ड्राइव्ह उघडून नुसतं बघितलं तरी पुरे. इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं) बिघडवण्यासाठी तो बनवला होता, तरी भारतातलीही मशीन्स बाधित झाली होती.

आणि १२ मे २०१७ चा वॉनाक्राय, फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर. त्याने ज्या भोकाचा फायदा घेतला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळपास दोन महिने लोकांच्या हातात उपाय होता. बाधित झालेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा अपडेट मिळत असलेलीच. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्यामुळे माझ्या लेखी क्रमांक एक म्हणजे अपडेट. 'रीस्टार्ट लेटर' दाबत राहणाऱ्यांना कुठलाही अँटीव्हायरस पुरा पडणार नाही.

कृष्णाकाठ

बिटवाचक, पूर्ण अनुमोदन. तुम्ही सांगितलेल्या उदाहरणांतही कोड चालावाच लागतो, फक्त तो माणसाच्या बोटाऐवजी सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे चालतो. म्हणून दारं दोनच. माणसाचं दार आपण सवयीने राखायचं आणि सॉफ्टवेअरचं अपडेटने. आमच्याकडे तालुक्याला अडचण अशी की अर्ध्या मशीन्सवर पायरेटेड विंडोज असतं आणि विकणाऱ्याने 'त्रास नको' म्हणून अपडेटच बंद करून ठेवलेलं असतं. ग्राहकाला ते माहीतही नसतं. सेकंडहॅण्ड पीसी घेताना 'विंडोज अपडेट'चं पान उघडून शेवटचं अपडेट कधी झालं ते बघा. रॅम किती आणि प्रोसेसर कोणता हे विचारतो, तसं हेही विचारायचं.

गुरुजी_निवृत्त

नमस्कार. मी ७१ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शन, बँक आणि थोडं लेखन, एवढाच माझा कॉम्प्युटरचा वापर. दोन शंका आहेत. पैसे भरून अँटीव्हायरस घ्यावाच लागतो का? आणि माझं विंडोज १० आहे, मशीन जुनं असल्याने ११ चढत नाही असं सांगतात. नवीन घ्यावं लागेल का?

बिटवाचक

गुरुजी, विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे, पण ती आपोआप मिळत नाही, नोंदणी करावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तसा पर्याय दिसतो. त्यानंतर त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चढवता येईल. लेखन आणि बँकेची वेबसाइट एवढ्यासाठी ते पुरेसं आहे, मराठी टायपिंगही होतं. डिजिटल सहीचं टोकन वगैरे वापरत असाल तर मात्र आधी चौकशी करा.

रास्तापेठ

अँटीव्हायरसबद्दल मी लिहितो. घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, फक्त तो चालू आहे ना हे बघायला हवं. गडबड इथेच होते. लॅपटॉपसोबत एखाद्या कंपनीचा अँटीव्हायरस काही दिवसांसाठी चकटफू येतो. तो असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. मुदत संपते, तो कधीकधी जुन्या माहितीवर तसाच बसून राहतो आणि आपल्याला वाटतं की संरक्षण आहे. म्हणून एक तर पैसे भरून तो चालू ठेवा, नाहीतर अनइन्स्टॉल करा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, मशीन रडत चालतं आणि दोघे एकमेकांनाच अडवतात.

चालू आहे का हे तपासायची एक अधिकृत पद्धतही आहे. 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाईल मिळते. ती अगदी निरुपद्रवी आहे, पण सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं ठरलेलं आहे. डाउनलोड करताच आरडाओरडा झाला तर समजायचं, पहारा जागा आहे.

या विषयात आपल्या मातीतलं काम आहे, तेही सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडू लागले तेव्हा ते काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातूनच नव्वदच्या दशकात क्विक हील उभं राहिलं. त्याआधी १९८६ मध्ये 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. त्यांनी कोडमध्ये स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, तो बसायचा. आज व्हायरस लिहिणारे पैशांसाठी लिहितात, हा सगळ्यात मोठा बदल.

मीनाक्षी_ठाणे

त्या पैशांच्याच बाबतीत मदत हवी आहे. भावाचं छोटं अकाउंटिंगचं ऑफिस आहे. परवा एका मुलाने व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलं, आणि तासाभरात सगळ्या एक्सेल आणि पीडीएफच्या नावापुढे चार अक्षरांचं विचित्र एक्स्टेन्शन लागलं. प्रत्येक फोल्डरमध्ये '_रीडमी' नावाची टेक्स्ट फाईल. ९८० डॉलर मागतायत, ७२ तासांत संपर्क केला तर ४९० म्हणे. रिटर्न भरायचे दिवस आहेत, भाऊ रडकुंडीला आलाय. पैसे भरावेत का?

कृष्णाकाठ

मीनाक्षीताई, पैसे भरू नका. भरल्यावर फाइल्स उघडायची किल्ली (कोड) मिळेलच याची खात्री नाही. आधी ते मशीन नेटवर्कमधून तोडा, वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा. लगेच फॉरमॅट मारू नका. लॉक झालेल्या फाइल्स आणि ती रीडमी फाईल वेगळ्या हार्ड डिस्कवर जशाच्या तशा जपून ठेवा.

९८० आणि ४९० हे आकडे 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या रॅन्समवेअर घराण्याची खूण आहे. क्रॅकमधून पसरणारं हेच सगळ्यात जास्त दिसतं. यात दोन शक्यता असतात. व्हायरस चालला तेव्हा त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो सोबत आणलेली ठरावीक 'ऑफलाइन' किल्ली वापरतो. तशी किल्ली आधी कोणाकडून मिळालेली असेल तर फाइल्स फुकटात उघडता येतात. सर्व्हरशी बोलणं झालं असेल तर प्रत्येक मशीनला वेगळी किल्ली, आणि ती बाहेर कोणाकडेच नसते. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर लॉक झालेली एक फाईल आणि रीडमी चढवा, कुठला प्रकार आहे ते कळेल. २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत सुरू केलेली ही साइट आहे, पैसे लागत नाहीत. 'शंभर टक्के रिकव्हरी' म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा, त्यातले काही जण त्या चोरांशीच घासाघीस करून मध्ये स्वतःचं कमिशन लावतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवा.

आणखी एक. हे घराणं मोठ्या फाइल्सचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच लॉक करतं. त्यामुळे मोठ्या झिप आणि व्हिडिओंमधून बराच भाग परत मिळू शकतो. छोट्या एक्सेलला याचा उपयोग नाही. पण क्लायंटना ईमेलने पाठवलेल्या प्रती, 'सेंट'मधल्या अटॅचमेंट, पोर्टलवर भरलेली रिटर्न्स यांतून तुमचं निम्मं काम उभं राहील. आज रात्री त्यालाच लागा.

बिटवाचक

क्रॅकबद्दल एक निरीक्षण. असल्या फाइल्स जवळजवळ नेहमी पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येतात, आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. शेजारीच द्यायचा तर लावायचा कशाला? अँटीव्हायरसला झिपच्या आत बघता येऊ नये म्हणून. पुढे सूचना असते की इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. तिथेच थांबायचं. आणि मीनाक्षीताई, त्या मशीनवर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला. या रॅन्समवेअरसोबत पासवर्डचोर अनेकदा जोडीने येतो. ईमेल, बँक, जीएसटी पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. आजच.

मीनाक्षी_ठाणे

पासवर्डचं अजिबात सुचलं नव्हतं. बदलायला घेतलेत. साइटनुसार किल्ली ऑनलाइन प्रकारची आहे, म्हणजे उघडणार नाहीत. पण सेंटमेलमधून खूप काही सापडतंय. बॅकअपची हार्ड डिस्क होती, ती कायम पीसीला लावलेलीच असायची, त्यामुळे तीही लॉक झाली.

घाटमाथा

मीनाक्षीताई, वाचून फार वाईट वाटलं. बॅकअपबाबत एक खरी घटना इथे सांगण्यासारखी आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि त्यांच्या समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटी बंदरातलं (न्हावाशेवा) टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनर हाताने नोंदवायची वेळ आली. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनीच पुढे दावोसला सांगितलं. सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख ठेवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे एक गेला तसे सगळेच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका बंद मशीनवरून बाकीचं उभं राहिलं.

कायम जोडलेला बॅकअप म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवून ठेवणं. प्रत घेतली की डिस्क काढायची आणि कपाटात ठेवायची.

ओहायोकर

आईबाबा नाशिकला, मी इकडे. गेल्या महिन्यात बाबांच्या स्क्रीनवर भोंगा वाजत लाल पान आलं: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा'. बाबांनी नशिबाने आधी मला फोन केला. हा व्हायरसच असतो का?

बिटवाचक

नाही, ते नुसतं वेबपेज असतं, फुल स्क्रीन केलेलं. खरा हल्ला फोन केल्यावर सुरू होतो. ते गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात आणि मशीन स्वतःच्या हातात घेतात. बाबांना एवढंच सांगून ठेवा: एस्केपचं बटण दाबून धरायचं, नाही जमलं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, आणि 'पानं परत उघडू का' विचारलं तर नाही म्हणायचं. कोपऱ्यात सारखे इशारे येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटना दिलीय ते बघा आणि अनोळखी नावं काढून टाका. मायक्रोसॉफ्ट स्क्रीनवर फोन नंबर कधीच देत नाही.

रानफूल

थोडं अवांतर, पण व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' आणि 'आरटीओ चलान' म्हणून ज्या एपीके फाइल्स फिरतायत, तोही हाच प्रकार ना? आमच्या सोसायटीत दोघांचे पैसे गेले.

कृष्णाकाठ

हो, तंतोतंत. पत्रिका ही पीडीएफ किंवा फोटो असते. एपीके म्हणजे ॲप, ते बसवावं लागतं. बसल्यावर ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. उघडून बसवलंच असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सुप्रिया_डोंबिवली

मग झेरॉक्सच्या दुकानात जायचं तरी कसं? प्रिंट तर लागतातच.

कृष्णाकाठ

त्यासाठी वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात त्या दिवशीची पीडीएफ तेवढीच घाला, आणि घरी आल्यावर काही न उघडता फॉरमॅट करा. दुकानाच्या मेलवर फाईल पाठवत असाल तर प्रिंट झाल्यावर ती आधार कार्डाची पीडीएफ त्यांच्या डाउनलोड्समधून पुसायला सांगा, ते होईपर्यंत काउंटरवरून हलू नका. आणि तिथल्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते लॉगआउट करा. मुलं हे हमखास विसरतात.

गुरुजी_निवृत्त

सर्वांचे आभार. डिफेंडर चालू आहे असं दिसलं, वाढीव अपडेटसाठी नोंदणीही झाली. नातवाने एक टीबीची डिस्क आणून दिली आहे, लेखनाची प्रत त्यावर घेतली आणि डिस्क काढून ठेवली. आणखी काही करायचं राहिलं का?

घाटमाथा

गुरुजी, एकच. त्या डिस्कवरची एखादी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. प्रत घेताना मध्येच काही अडकलं असेल तर ते तेव्हाच कळतं. मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत घेतो आणि त्यातल्या कुठल्याही दोन फाइल्स पत्नीच्या लॅपटॉपवर उघडून पाहतो.